देव्हाऱ्यातली इंजेक्शनं

माझी गोष्ट सांगायला मी एरवी बसले नसते. पण मागच्या महिन्यात शेजारच्या वाडीतली एक सून पदराआड इंजेक्शनांचा खोका लपवून माझ्याकडे आली आणि हळूच म्हणाली, "वैनी, ह्या तेलाच्या सुयो खूप दुखतत काय गो?"

मी म्हटलं, "दुखतत. पण सुई ता सगळ्यात सोपा."

ती गोंधळून बघत राहिली. बाकीचं काय कठीण असतं, ते उभ्या उभ्या सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून हे लिहिते आहे. तिच्यासाठी, आणि तिच्यासारखी आणखी कुणी खाटेवर पडून आढ्याकडे बघत असेल तिच्यासाठी.

ठिपके

लग्नानंतर पहिल्या तीन वर्षांत माझी दोन बाळं गेली, दोन्ही तिसऱ्या महिन्यात. त्यानंतर चार वर्षं काहीच नाही. आमचं गाव आचऱ्याजवळ, खाडीच्या काठाला. नवरा मुंबईत एका गिरणीच्या हापिसात कारकून, गावच्याच दहा जणांबरोबर एका खोलीत राहणारा. घरी यायचा तो मे महिन्यात आणि गणपतीला. इथे मी आणि सासूबाई. सासरे मी या घरात येण्याआधीच गेलेले. चार वर्षांत मी किती बारशांना मागच्या दाराशी बसून राहिले आणि ओटी भरायच्या वेळी कुणी मला हळूच बाजूला केलं, ते सगळं मला पाठ आहे, पण इथे लिहीत नाही.

शेवटी नवऱ्याने मला बोटीने मुंबईला नेऊन एका डॉक्टरीणबाईंना दाखवलं. बाई उंच, जाड चष्म्याच्या, मोजकं बोलणाऱ्या. तपासण्या झाल्या. एकदा भूल देऊन आतलं काहीतरी खरवडून तपासायला पाठवलं. मग सगळे कागद समोर ठेवून त्या म्हणाल्या, "गर्भ धरून ठेवणारा एक रस तुमच्या शरीरात कमी पडतोय. तो आपण बाहेरून देऊ."

"म्हणजे दोष माझाच ना?"

"दोष कसला? कमी पडतोय म्हटलं मी. रक्त कमी असतं ना एखादीला, तसं."

जिन्यात येऊन मी ढसाढसा रडले. नवऱ्याला वाटलं, बाईंनी आशा सोडली. खरं तर सात वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी तो शब्द माझ्या अंगावरून उचलून बाजूला ठेवला होता.

उपचार असा की रोज सकाळी उठायच्या आधी जिभेखाली थर्मामीटर धरायचा आणि चौकटीच्या कागदावर ठिपका काढायचा. महिन्याच्या मध्यावर ठिपके जरासे वर चढले की समजायचं, आता वेळ आली. मग दिवसाआड एक इंजेक्शन. पाळी आली तर थांबवायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. नाही आली तर चौथा महिना सरेपर्यंत चालू ठेवायचं आणि खाटेवरून उतरायचं नाही.

"एकही चुकवू नका," बाई म्हणाल्या होत्या. हे वाक्य लक्षात ठेवा.

गावी आल्यावर सासूबाईंनी आठवडाभर माझा हा उद्योग बघितला. मग म्हणाल्या, "रोज ताप बघतस आणि ताप चडलो काय खूश होतस! असला दुखणा मी जल्मात बघूक नाय."

ठिपक्यांची नक्कल मी नवऱ्याला टपालाने पाठवायची. तो त्यावरून रजा कधी घ्यायची ते ठरवायचा. साहेबाला काय कारण सांगायचा, ते त्याने मला आजतागायत सांगितलेलं नाही. जुळून आलं ते गणपतीच्या रजेतच.

तेल

इंजेक्शनं फक्त मुंबईत मिळायची. मालवणच्या औषधाच्या दुकानात त्यांचं नावही कुणी ऐकलेलं नव्हतं. गणपतीला येताना नवऱ्याने ती बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, कापसात गुंडाळून आणली, आणि पुढची बोटीवरच्या ओळखीच्या माणसाबरोबर पाठवली.

टोचायला आचऱ्याहून रोजाबाय यायची. ती नर्स, चाळिशीची, ख्रिस्ती, आवाज असा की अंगणात आली की कोंबड्या पळायच्या. काचेची सिरिंज पातेल्यात उकळायची, औषधाची नळी दोन्ही तळव्यांत धरून चोळायची, कारण तेल थंड असलं की सुईतून उतरतच नाही. मग नळीची मान कानशीने कापायची. सुई जाड, तेल त्याहून जाड, आणि आत जायला इतका वेळ लागायचा की तेवढ्यात तिची निम्मी गाऱ्हाणी सांगून व्हायची. दोन्ही बाजूंना सुपारीएवढ्या गाठी आल्या. मिठाच्या पुरचुंडीने शेकायचं आणि पुढच्या वेळी गाठ चुकवून जागा शोधायची.

डबा कुठे ठेवायचा, यावर पहिल्याच दिवशी निकाल लागला. सासूबाईंनी तो देव्हाऱ्यात ठेवला. "देवाच्या नदरेखाली रवांदे," म्हणाल्या. इंजेक्शनाच्या दिवशी त्या आंघोळ करून डबा उघडायच्या, एक नळी काढून द्यायच्या, झाकणाला कुंकू लावायच्या, वर अबोलीचं फूल ठेवायच्या. खाटेवरून माझा हात तिथे पोचत नव्हता आणि रोजाबाय देव्हाऱ्याकडे जायची नाही. महिन्याभरात तो डबा औषधाचा राहिला नाही, देवाचा झाला. हे आम्हा तिघींपैकी एकीच्याही लक्षात आलं नाही.

खाट

आश्विनात पाळी चुकली. आनंद झाला असं वाटेल तुम्हाला. मला झाली ती भीती. रोजाबाय सांगून गेली होती की या तेलानेही पाळी लांबते. उलट्या व्हायच्या, छाती दुखायची, भर दुपारी डोळे मिटायचे, उगाचच रडू यायचं, आणि हे सगळंही तेलानेच होतं म्हणे. म्हणजे पोटात बाळ आहे की नुसतं औषध आहे, ते मला माझ्याच शरीरावरून कळेना. स्वतःच्या अंगाने खोटी साक्ष द्यावी, यासारखी कोंडी नाही.

खाट माजघराला लागून असलेल्या खोलीत. खिडकीतून फणसाचं खोड आणि अर्धा गोठा दिसायचा. गाय गोठ्याच्या दिसणाऱ्या अर्ध्यात आली की मला सण वाटायचा. जेवण खाटेवर, वेणी खाटेवर, बाकीचं भांड्यात, आणि ते भांडं सासूबाई उचलून नेणार. त्या एक शब्द बोलायच्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं असं मला वाटायचं. कूस बदलायची तर आधी आवाज यायचा, "हळू गो." शिंकले तरी "हळू गो."

बायका बघायला यायच्या. बघायला म्हणजे माझ्या पोटाकडे बघायला. एक सांगायची डावीकडे निज, दुसरी सांगायची उजवीकडे. मी गोधडी हनुवटीपर्यंत ओढून डोळे मिटून घ्यायची. नवऱ्याच्या पत्रात दर वेळी तोच प्रश्न असायचा, सर्व ठीक ना? मी लिहायची, ठीक. त्या खोलीत माझा राग कुणावर काढायचा, हेच मला कळत नव्हतं. सगळेच माझ्या भल्यासाठी झटत होते ना!

देवाचा हुकूम

आणि मार्गशीर्षात गावपळण आली.

आमच्याकडची काही गावं दर तीन-चार वर्षांनी देवाचा कौल घेऊन रिकामी होतात. सगळा गाव शीव ओलांडून बाहेर जातो, माळावर झावळांच्या खोपी घालून राहतो. गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, सगळी बरोबर. तीन दिवस आणि तीन रात्री गावात चूल पेटत नाही, माणूस राहत नाही. चौथ्या दिवशी पुन्हा कौल लावायचा. देवाने दिला तर घरी, नाही तर आणखी एक दिवस बाहेर. माझे चुलत सासरे भाऊकाका देवाचे मानकरी. गावातर्फे देवाला विनवणीचं गाऱ्हाणं घालायचं ते त्यांनीच. म्हणजे आमच्या घराने नियम मोडायचा प्रश्नच नव्हता.

मला तिसरा महिना चालू होता. आधीची दोन्ही गेली ती याच दिवसांत.

भाऊकाका ओटीवर येऊन बसले. "आमी कुत्रो सुदिक गावात ठेवणंव नाय," ते म्हणाले. "माणूस कसा ठेवतलंव?"

मी आतून ऐकत होते. सासूबाई म्हणाल्या, "डाक्टरीण म्हणता खाटयेवरसून उतरूचा नाय. देव म्हणता गावात रवाचा नाय. मगे तिका उचलूनच व्हरूया. पाय जमनीक लागाक देवचंय नाय मी."

असा तोडगा निघाला. मला कुणी विचारलं नाही. घोंगडीची डोली बांबूला बांधून दोन माणसांनी मला उचललं. सकाळीच रोजाबाय टोचून गेली होती. सासूबाई पुढे, मागे गाय, मध्ये मी, आणि वाटेवरचे सगळे चुकचुकत बघणारे.

खरं सांगू? डोली अंगणाबाहेर आली आणि दोन महिन्यांनी मला अख्खं आभाळ दिसलं. मी रडले. सासूबाई धावत आल्या, "दुखता काय गो?" मी मान हलवली.

माळावर

बाहेरचे दोन दिवस सुखाचे गेले. खोपीत गवतावर गोधड्या घालून मला निजवलं होतं. पोरं ओरडत होती, बायका भर दुपारी फुगड्या घालत होत्या, समोरच्या खोपीत माशांचं सार उकळत होतं. सगळं गावच बेघर झालं होतं, त्यामुळे पहिल्यांदाच मी एकटी अडकलेली नव्हते.

तिसऱ्या दिवशी सकाळी रोजाबाय माळावर हजर झाली. तीन दगडांवर पातेलं ठेवलं, सिरिंज उकळली, हात पुढे केला. "आये, दी."

सासूबाईंनी गाठोडं सोडलं. मग दुसरं सोडलं. मग तांदळाचं गाठोडं माझ्यासमोर सुपात ओतलं. डबा नव्हता.

"देव्हाऱ्यात रवलो," सासूबाई म्हणाल्या.

निघताना माणसांचं काय घ्यायचं, गुरांचं काय घ्यायचं, सगळं त्यांनी बोटांवर मोजलं होतं. देव मात्र घरीच असतात. गाव सोडायचं ते माणसांनी. म्हणून देव्हाऱ्यातलं काही उचलायचं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

"मी जातंय," रोजाबाय उठली. "मी तुमच्या गावची नाय. माका कसलो कौल?"

"शिमेवर माणसा बसलीहत. कोणाकच सोडूचे नाय," सासूबाई म्हणाल्या.

रोजाबायने माझ्याकडे बघितलं. "मी सांजेपर्यंत आचऱ्याक आसंय. काय झाला तर सांगून पाठवा," म्हणाली, आणि सिरिंज तिथेच ठेवून गेली.

मग माझा तोल सुटला. उद्या कौल मिळाला तर ठीक. नाही मिळाला तर? "तुमच्या देवाक सांगा," मी ओरडले, सगळ्या खोपींना ऐकू जाईल अशी. "ह्या पोर गेला ना, तर मी परत त्या घरात पाय ठेवचंय नाय!" सात वर्षांत सासूबाईंना मी उलट उत्तर दिलेलं नव्हतं. त्या तांदूळ पुन्हा गाठोड्यात भरत राहिल्या.

जेवणं झाल्यावर म्हणाल्या, "गाय खंय गेली ती बघून येतंय." गाय माझ्यासमोर बांधलेली होती.

डबा

त्या परत आल्या तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं, चिखलाने माखलेलं. त्यांनी माझ्या उशाशी डबा ठेवला आणि पाठ करून म्हणाल्या, "तांदळाच्या गाठोड्यातच होतो. माझेच डोळे फुटले."

झाकणावर ताजं कुंकू होतं, आणि कडेला निघायच्या दिवशीचं अबोलीचं सुकलेलं फूल अडकलं होतं. मी त्यांच्या पायांकडे बघितलं. तळव्याला दोन ठिकाणी कापलं होतं, खाडीतल्या कालवांच्या शिंपल्यांनी कापतं तसं. शिवेवर पहारा होता तो रस्त्यावर. खाडीच्या चिखलातून कुणी जाईल असं कुणाला वाटलं असेल? त्यांनी पाय लुगड्याखाली ओढून घेतले.

"गावलो ता बरा झाला," मी म्हटलं. एवढंच.

रोजाबायला सांगून पाठवलं. ती आली, तिने टोचलं, आणि मग न विचारता सासूबाईंचा पाय ओढून आयोडीन लावलं. "तांदळात कालवा होती काय आये?" म्हणाली.

"गप रव," सासूबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवाने कौल दिला नाही.

पोरांनी आनंदाने उड्या मारल्या, आणखी एक दिवस! सासूबाई खोपीच्या मेढीला धरून उभ्या होत्या. देव कुणावर रागावलाय, हे त्या सगळ्या माळावर त्यांना एकट्यांनाच ठाऊक होतं. आणि मला. त्याच्या पुढच्या दिवशी कौल मिळाला आणि मला पुन्हा उचलून त्याच खोलीत, त्याच खाटेवर आणून ठेवलं.

दोघींची कोंडी

त्या दिवसापासून सासूबाईंनी मासे सोडले. विचारलं तर म्हणायच्या, दात दुखतत. आमच्या भागातली बाई मासे सोडते म्हणजे काय, ते मी इथल्या माणसांना सांगायला नको. त्या फक्त पेज जेवायच्या आणि माझ्या पोटाकडे बघायच्या. आता त्या बघण्यात मला बायकांची चौकशी दिसत नव्हती, गुन्हेगाराची भीती दिसत होती.

चौथा महिना सरला. इंजेक्शनं थांबली, मी खाटेवरून उतरले. पाचव्यात पोटात काहीतरी हललं. अखेर साक्ष मिळाली, आणि ती खरी होती! मी सासूबाईंना हाक मारली, त्यांचा हात धरून पोटावर ठेवला. त्यांनी क्षणभर ठेवला आणि चटका बसल्यासारखा काढून घेतला.

मी का बोलले नाही? बोलले असते तर त्यांनी केलेलं खरं झालं असतं. भाऊकाकांच्या कानावर गेलं असतं, सगळ्या गावावर संकट आलं म्हणून बोट त्यांच्याकडे वळलं असतं. आणि उद्या बाळाला काही झालंच, तर मी स्वतः काय म्हटलं असतं, याची मला खात्री नव्हती. म्हणून आम्ही दोघी एका घरात, एकच गोष्ट मनात धरून, एकमेकींपासून लपवत वावरत होतो.

त्याच दिवसांत मी डॉक्टरीणबाईंना पत्र लिहिलं, की त्या वेळी इंजेक्शन दोन दिवस राहिलं असतं तर काय झालं असतं? त्यांचं उत्तर आलं, दोन दिवसांनी बहुधा काही बिघडलं नसतं. एकही चुकवू नका असं आम्ही सगळ्यांनाच सांगतो, म्हणजे पेशंट हयगय करत नाहीत.

ते पत्र मी चुलीत घातलं. तुम्ही मात्र असं काही सांगितलं गेलं तर तिथल्या तिथे विचारून घ्या, की चुकलंच तर काय करायचं? मी विचारलं नाही, आणि एका म्हातारीने त्यासाठी आपला देव पणाला लावला.

गाऱ्हाणं

ज्येष्ठात मालवणच्या दवाखान्यात मुलगी झाली. सव्वापाच पौंडांची, काळीसावळी, आवाज रोजाबायसारखा. नवऱ्याची तार आली, तीत 'आनंद झाला' एवढंच होतं.

सासूबाईंनी तिचं सगळं केलं. तेल, पाणी, धुरी. पण मांडीवर घेऊन बसल्या नाहीत. न्हाऊ घातलं की लगेच माझ्याजवळ आणून ठेवायच्या. बायका कुजबुजल्या, चेडू झाला म्हणान म्हातारेचा मन नाय. मुलगी झाली हे कारण नव्हे, असं माझ्या अगदी तोंडावर यायचं, पण सांगता येत नव्हतं.

सोयर फिटलं त्या सकाळी मी अंगणाकडच्या खोलीत बाळाला पाजून पडले होते. सासूबाईंना वाटलं, मी झोपले. त्या न्हाऊन, ओलेत्याने अंगणात तुळशीपुढे उभ्या राहिल्या. हात जोडले आणि बोलू लागल्या. भाऊकाका देवळात घालतात तसंच गाऱ्हाणं, पण दबक्या आवाजात.

"बा देवा म्हाराजा! तुझो हुकूम मोडून मी गावात इलंय. माका कोणी धाडूक नाय, माझ्याच पायांनी इलंय. ती काय शिक्षा आसात ती माझ्या माथ्यार घाल. त्या चेडवाच्या वाटेक जाव नको. चूक म्हातारेची आसा. चेडवाची नाय, तिच्या आवशीची नाय, रे म्हाराजा..."

त्या थांबल्या. गाऱ्हाणं घातलं की जमलेल्या गावाने एका आवाजात हो म्हणायचं असतं. तोपर्यंत ते पुरं होत नाही. अंगणात त्या एकट्या होत्या.

मी खाटेवर उठून बसले, आणि जेवढा निघेल तेवढा आवाज काढून म्हटलं, "व्हय म्हाराजा!"

सासूबाई गर्रकन वळल्या. खिडकीशी आल्या. गज धरले.

"तुका ठावक होता?"

"त्याच दिसा. झाकणार अबोलेचा फूल होता."

"मगे इतके म्हयने बोलाक काय झाला होता गो तुका?"

"तुमी तरी खंय बोललात?"

त्यांनी पदराने तोंड दाबून धरलं. हसत होत्या की रडत होत्या ते मला खिडकीतून दिसलं नाही. मग आत आल्या आणि हात पुढे केले. मी बाळ दिलं.

त्या दुपारी मी सुका बांगडा निखाऱ्यावर भाजला आणि त्यांच्या ताटात वाढला. मुलगी त्यांच्या मांडीवर झोपली होती आणि त्या तिला खाली ठेवायला तयार नव्हत्या, म्हणून काटे मी काढून दिले.